जुन्या फियाट-अँबॅसिडरचा कॅम निवडणं आणि टायमिंग लावणं: मराठवाड्यातल्या उन्हात चालेल अशा पद्धतीनं

वडिलांची किंवा आजोबांची प्रीमियर पद्मिनी नाहीतर अँबॅसिडर वाड्याच्या पडवीत उभी असते. एक दिवस ती चालू करायचं मनात येतं, आणि गाडी चालू झाली की दुसऱ्याच महिन्यात कुणीतरी सांगतं, 'कॅम बदला, पिकअप बघा मग.' कॅम म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारा दांडा. हा लेख त्या सल्ल्यानंतर काय करायचं याबद्दल आहे. माझं मत आधीच सांगतो: आपल्याकडच्या वापरासाठी दहातल्या नऊ गाड्यांना नवा कॅम लागत नाही, नीट लावलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ लागते. तरीही कॅम बदलायचाच असेल तर तो टायमिंगसकटच बदलावा लागतो. एक केलं आणि दुसरं सोडलं तर पैसे पाण्यात जातात.

लेख पेट्रोल गाड्यांबद्दल आहे. आपल्या भागातल्या बहुतेक जुन्या जीप डिझेल आहेत. त्यांना स्पार्कच नसतो, त्यामुळे जीपवाल्यांनी इथंच थांबलेलं बरं.

१. आधी आहे तोच कॅम तपासा

पिकअप नाही म्हणजे कॅम गेला असं नसतं. खालच्या गोष्टी याच क्रमानं बघा.

कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. इंजिन गरम असू द्या, चारही प्लग काढलेले आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच मागे असेल तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगांचा दोष. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅसकेट बघा. भारतात शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट त्याआधीच्या काळातल्या. सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) कमी होतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. अशा गाडीला कितीही भारी कॅम टाका, काही फरक पडणार नाही.

मग रॉकर कव्हर काढा. इंजिन हातानं फिरवत प्रत्येक पुशरॉड किती वर उचलला जातो ते डायल गेजनं मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा तीन-चार दशांश मिलिमीटरनं कमी उचलला जात असेल तर त्या जागी कॅमचा लोब (उंचवटा) झिजलाय. आठही सारखे आले तर कॅमला हात लावायचं कारण उरत नाही.

शेवटी टायमिंग चेन. डेल्कोचं, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. क्रँकची पुली थोडी पुढे फिरवा, मग हळूहळू मागे आणा आणि रोटर कधी हलायला लागतो त्यावर नजर ठेवा. पुली पाच-सहा अंश फिरून गेली तरी रोटर जागचा हलत नसेल तर चेन सैल आहे. सैल चेनवर टायमिंग लावलं तर ते कधीच एका जागी टिकत नाही. लाईट मारली की खूण नाचत राहते आणि माणूस उगाच कार्बोरेटरला दोष देतो.

२. सामान आणि कागद

पुढची हत्यारं जवळ असू द्या:

- फिलर गेज, टॅपेटसाठी आणि पॉइंटसाठी (डेल्कोतले उघड-मीट होऊन ठिणगी पाडणारे संपर्क)
- टायमिंग लाईट, शक्यतो अंश दाखवणारी
- १२ व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी आणि चिमटे जोडलेले
- डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड
- क्रँकच्या पुलीवर लावायला ३६० अंशांची चकती. कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली चालते
- जुना प्लग, ज्यातली चिनीमाती फोडून काढलीय आणि त्या जागी बोल्ट घट्ट बसवलाय
- टॉर्क पाना, कॅम बसवायला लावायची मॉलिब्डेनमची पेस्ट, नवीन गॅसकेट
- तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल. झेरॉक्स असली तरी हरकत नाही, पण मॉडेल आणि साल जुळलं पाहिजे

डायल गेज विकत घ्यायची गरज नाही. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर एका रविवारापुरतं मागून आणा. तिथल्या माणसाच्या हातात हे रोजचं हत्यार असतं. त्यालाच सोबत घेऊन आलात तर आणखी बरं.

कागदांत आरसी, विमा आणि पीयूसी चालू असले पाहिजेत. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. त्यासाठी फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते, तेही आटोपून घ्या. गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, पण मूळ घडण बदललेली नसली पाहिजे. म्हणून काढलेला कॅम भंगारात टाकू नका. ग्रीस चोपडून, कापडात गुंडाळून ठेवा. शक्य तर उभा टांगा.

३. कॅमचे आकडे वाचायला शिका

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. तरी त्याचे सगळे अंश क्रँकचेच सांगितले जातात. इथंच पहिला गोंधळ होतो.

कॅटलॉगमध्ये ५-४५-४०-१० असं काहीतरी लिहिलेलं असतं. वाचायचं असं: पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ५ अंश आधी इनलेट उघडतो आणि खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी बंद होतो. ५ अधिक १८० अधिक ४५, म्हणजे २३० अंश उघडा राहतो. एक्झॉस्ट खालच्या टोकाआधी ४० अंशांवर उघडतो आणि वरच्या टोकानंतर १० अंशांवर मिटतो, म्हणजे तोही २३०. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात ते ५ अधिक १०, म्हणजे १५ अंश. याला ओव्हरलॅप म्हणतात. असा कॅम शांत, स्लो स्पीडला एकसारखा चालणारा आणि खालून ओढणारा असतो.

दुसरा आकडा लिफ्टचा. व्हॉल्व्हचा लिफ्ट आणि कॅमचा लिफ्ट हे वेगळे. कॅमच्या लिफ्टला रॉकरच्या गुणोत्तरानं गुणलं की व्हॉल्व्हचा मिळतो. विकणारा कोणता सांगतोय ते विचारा. बहुतेकदा मोठा वाटणारा आकडाच सांगितला जातो.

२३० च्या जागी २८० अंशांचा कॅम टाकला की इनलेट बराच उशिरा मिटतो. कमी आरपीएमवर तोवर पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि भरलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते. वरच्या आरपीएमवर मात्र आत येणाऱ्या हवेला जोर असतो, त्यामुळे तिथं फायदा होतो. म्हणजे कॅमनं ताकद वाढते असं म्हणण्यापेक्षा ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते असं म्हणणं बरोबर.

४. तुमच्या वापराला कोणता कॅम

आपल्या या जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन गुणोत्तर मुळातच सात ते आठच्या दरम्यान. लांब ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त अंश उघडा ठेवणारा कॅम टाकला की कमी आरपीएमवर त्यातलंही हातचं जातं. परळी ते अंबाजोगाई, जालना ते अंबड, वर्षातून एकदा पाच माणसं भरून तुळजापूर, हा आपला वापर. गाडी पन्नास-साठनं, टॉप गिअरमध्ये, मध्येच गतिरोधक, मध्येच उसाची ट्रॉली. इथं तीन हजारांच्या खालीच ताकद हवी. समृद्धीवर १२० नं जाणाऱ्यांच्या नादी लागायला ब्रेकही तसे नाहीत आपल्याकडे.

- २३० ते २५० अंश: कंपनीचाच म्हणावा असा. घरच्या गाडीला हाच.
- २५० ते २६५: किंचित तेज. हेड स्वच्छ पोर्ट केलेलं (हवेचे मार्ग घासून गुळगुळीत केलेलं) असेल आणि कार्बोरेटर नीट असेल तर फरक कळतो. माझी शिफारस इथंच संपते.
- २७० च्या वर: स्लो स्पीडला गाडी थरथरते, ॲव्हरेज पडतो, पीयूसीला हायड्रोकार्बन वाढतो. रॅलीसाठी ठीक.

एका गोष्टीची खूणगाठ बांधा: दोन कॅमांमध्ये गोंधळ झाला तर लहान निवडा. मोठा निवडल्याचा पश्चात्ताप रोज होतो, लहान निवडल्याचा कधीतरी एखाद्या ओव्हरटेकला.

मारुती ८०० वाल्यांसाठी दोन ओळी. तुमचा कॅम हेडमध्ये आहे, तीन सिलिंडरचा फायरिंग क्रम १-३-२ आणि कॅम बेल्टवर फिरतो. तत्त्व तेच, पण कॅम बदलण्याआधी बेल्ट बदला. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

५. कॅम मिळवताना

पद्मिनीसाठी तयार 'तेज' कॅम दुकानात सहसा मिळत नाही. मग जुना कॅम घासून नवा आकार देणारे गाठावे लागतात. घासताना लोबचा पायाकडचा गोल भाग लहान केला जातो आणि त्यातून लिफ्ट वाढतो. म्हणून तीन प्रश्न विचाराच: किती मटेरियल काढणार? घासल्यावर पृष्ठभाग पुन्हा कडक करून देणार का? आणि रॉकरच्या ॲडजस्टिंग स्क्रूला तेवढा आटा उरतो का? तिसऱ्याचं उत्तर 'बघू' असं आलं तर दुसरीकडे जा.

अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सीरिजचं. त्याच कुळातल्या ब्रिटिश गाड्यांचे कॅम बाहेरून मागवता येतात. तरी 'त्याच कुळातला' म्हणजे 'तोच' असं नसतं. लांबी, बेअरिंगचे व्यास, पुढची बोल्टिंग, डेल्को फिरवणारा दात हे सगळं जुन्या कॅमशी कॅलिपरनं ताडून मगच ऑर्डर द्या.

नव्या कॅमला जुने टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधले तुकडे) कधीही लावू नका. टॅपेटचा तळ जुन्या लोबच्या झिजेप्रमाणे घासलेला असतो. नव्या कॅमवर तो अर्ध्या तासात लोब खाऊन टाकतो.

६. बसवताना

पुलीवरच्या वरच्या टोकाच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, आधी ती पडताळा. बोल्ट बसवलेला तो जुना प्लग एक नंबरच्या भोकात घट्ट करा. इंजिन हातानं, अगदी हळू फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की चकतीवर आकडा लिहा. मग उलट दिशेनं फिरवा, पुन्हा टेकला की दुसरा आकडा. दोन्हींच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे खरं वरचं टोक. हे करताना बॅटरीची वायर काढलेली असू द्या. सेल्फ लागला तर पिस्टनला भोक पडेल.

चेनच्या चाकांवरच्या खुणा जुळवल्या की कॅम अंदाजे जागेवर बसतो. खात्रीसाठी एक नंबरच्या इनलेट पुशरॉडवर डायल गेज लावा. सर्वात उंच बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे समान उंचीवर चकती वाचा, मध्य काढा आणि तो कॅमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळवा. चार अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर ऑफसेट चावी (चाक किंचित पुढे-मागे बसवणारी) लागते. बहुतेक मिस्त्री ही पायरी टाळतात. 'साहेब, खुणा जुळल्या ना, झालं की.' कंपनीच्या कॅमला ते चालतं, घासलेल्याला नाही.

लिफ्ट वाढला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना हे बघायला पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती थापा, हेड तात्पुरतं बसवून इंजिन हातानं दोन वेळा फिरवा, हेड काढा आणि माती सुरीनं कापून जाडी मोजा. इनलेटकडे २ आणि एक्झॉस्टकडे अडीच मिलिमीटर तरी पाहिजे.

७. चालू करण्याआधी टायमिंग

पॉइंटचा गॅप आधी, टायमिंग नंतर. उलट केलं तर पुन्हा करावं लागतं, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते. लुकास डेल्कोला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. बाकीच्यांना मॅन्युअल सांगेल ते. शाफ्ट बाजूला हलवून बघा. खडखडत असेल तर बुश बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता एक नंबर कॉम्प्रेशनवर आणायचा. पद्मिनी आणि अँबॅसिडर दोघींचा फायरिंग क्रम १-३-४-२. म्हणून चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलत असतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा एक नंबर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असतो. पुली मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्टॅटिक अंशावर आणा.

बल्बची एक वायर डेल्कोच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद, उघडले की लागतो. डेल्कोचा बोल्ट सैल करून तो हळू फिरवा. बल्ब लागला त्या क्षणी थांबा आणि बोल्ट आवळा. कुठल्या दिशेनं फिरवायचं? रोटर बोटांनी वळवून बघा. एका बाजूला थोडा वळतो आणि स्प्रिंगनं परत येतो. तीच त्याची फिरण्याची दिशा. डेल्कोचं शरीर तिच्या उलट फिरवलं की टायमिंग पुढे जातं.

८. पहिली वीस मिनिटं

नवा कॅम असेल तर गाडी पहिल्या सेल्फला उचलली पाहिजे. आधीचं टायमिंग म्हणूनच महत्त्वाचं. उगाच सेल्फ मारत बसलात तर लोबवरची पेस्ट पुसली जाते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरलेलं, रेडिएटर भरलेला, समोर पंखा. उचलल्याबरोबर १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान कमी-जास्त करत वीस मिनिटं चालवा, स्लो स्पीडला सोडू नका. स्लोवर लोबला ऑइल पुरेसं उडत नाही. ऑइल २० डब्ल्यू ५० चं मिनरल, झिंक भरपूर असलेलं. नव्या गाड्यांची पातळ सिंथेटिक ऑइलं इथं नकोत. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला.

दारं बंद करून हे करू नका. गळ्यातला गमछा काढून बाजूला ठेवा, पंख्यात जातो.

९. लाईट लावून खरं टायमिंग

आता मुख्य काम. डेल्कोला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. जुन्या पुलीवर सहसा दोनच खुणा असतात, म्हणून ३० आणि ३५ अंशांच्या खुणा स्वतः काढा. पुलीचा व्यास १२० मिलिमीटर असेल तर परिघ ३७७, म्हणजे एका अंशाला १.०५ मिलिमीटर. ३० अंश म्हणजे साधारण साडेएकतीस मिलिमीटर. कागदाच्या पट्टीवर मोजून पांढऱ्या रंगाची रेघ मारा.

इंजिन ३००० ते ३५०० आरपीएमवर न्या आणि लाईट मारा. खूण पुढे सरकत जाऊन एका जागी थांबली पाहिजे. ही थांबलेली जागा म्हणजे एकूण ॲडव्हान्स, पिस्टन वरच्या टोकाला येण्याआधी ठिणगी किती अंश लवकर पडते ते. अशा जुन्या इंजिनांना ३० ते ३४ अंश पुरतात. खूण सरकतच नसेल तर डेल्कोतली, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं गंजून अडकलीत. पडवीत उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हटकून असतं.

कॅम आणि टायमिंगचं नातं इथं दिसतं. समजा मूळ गाडीला सुरुवातीचे ६ अंश आणि वजनांचे २६, एकूण ३२. तेज कॅम टाकला. ओव्हरलॅपमुळे स्लो स्पीडला जळालेला वायू नव्या मिश्रणात मिसळतो, भरणही कमी होतं, मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी लवकर हवी, म्हणून सुरुवात १० अंशांवर न्यावी लागते. पण वरच्या आरपीएमवर सिलिंडर चांगला भरतोय, तिथं जास्तीचा ॲडव्हान्स नकोच. नुसता डेल्को चार अंश फिरवला तर एकूण ३६ होतं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारा खडखडाट) सुरू. म्हणून वजनांचा प्रवास २६ वरून २२ वर आणावा लागतो. डेल्को निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे डेल्कोच्या हिशेबानं १३ चे ११. लुकास डेल्कोत आतल्या कॅमच्या पायाशी हा आकडा कोरलेला असतो. थांब्याला पितळेचा छोटा ठिपका वेल्ड करून प्रवास कमी करता येतो. हे करणारा कुणी मिळाला नाही तर एकूण ३२ वर लावा आणि सुरुवात जिथं येईल तिथं राहू द्या. गाडी स्लोला थोडी आळशी राहील, पण पिस्टन वाचेल.

व्हॅक्यूम गेज लावत असाल तर एक गोष्ट. पुस्तकातले १७ ते २१ इंच हे समुद्रसपाटीचे आकडे. छत्रपती संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं दोन इंच कमीच दिसतात. १६ दिसलं म्हणून घाबरू नका.

१०. दुपारी रस्त्यावर

टायमिंग सकाळी लावलं तरी परीक्षा दुपारीच. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि तापलेली हवा आत गेली की नॉकिंग लवकर होतं. सकाळी सातला गोड चालणारी गाडी दुपारी तीनला खडे वाजवते. चार माणसं बसवा आणि मांजरसुंब्यासारखा लांब चढ शोधा. टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, काचा खाली, रेडिओ बंद. क्षणभर हलकी टिकटिक येऊन विरली तर ठीक. चालूच राहिली तर क्रँकचे दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा तोच चढ. अजिबात आवाज नाही आणि गाडी जडही वाटते, तर दोन अंश पुढे. फार मागे ठेवणंही धोक्याचं. एक्झॉस्ट लाल होतो, पाणी उकळतं आणि आपण रेडिएटर बदलत बसतो.

११. इथं लोक अडकतात

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल नॉकिंग रोखतं, म्हणून काहीजण टायमिंग बरंच पुढे नेतात. पण त्यानं मिश्रण पातळही होतं. मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग विटकरी येईपर्यंत बघा, मग टायमिंगला हात लावा. जुने रबरी पाइपही बदला, ते फुगतात आणि चिरतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं.

डेल्कोचा नवा कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असं धरू नका. गरम झाल्यावर गाडी मिसफायर करत असेल तर आधी जुना लावून बघा.

पॉइंटची टाच झिजते आणि गॅप मिटत जातो, तसं टायमिंग आपोआप मागे पडतं. पाच हजार किलोमीटरला गॅप आणि टायमिंग दोन्ही तपासा. टॅपेट मात्र नव्या कॅमनंतर पाचशे किलोमीटरलाच.

पीयूसीला जाताना इंजिन पूर्ण गरम करूनच जा. भारत स्टेजच्या आधीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. आकडा जास्त आला तर एअर स्क्रूनं मिश्रण थोडं पातळ करा. टायमिंगची जागा हलवून पीयूसी पास करणारे आहेत, आणि मग तीच गाडी पुढच्या आठवड्यात उकळून घाटात उभी असते. शेवटी ठरलेले अंश, गॅप आणि जेटचा नंबर बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. पुढचा मिस्त्री तरी विचारत बसणार नाही.